स्वस्तातला आर्थर: दोन तासांत दाखवता येईल असा कोणता चित्रपट? (सल्ला हवा)

बाकावरचा
नमस्कार मंडळी. मिरजेत आमचं एक छोटं चित्रपट मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मित्राच्या बंद पडलेल्या शिकवणीच्या हॉलमध्ये चौदा-पंधरा डोकी जमतात. या वेळचा विषय माझ्या गळ्यात पडलाय: 'पैसे नसताना राजा आर्थर', म्हणजे ब्रिटनच्या दंतकथांमधला तो राजा. गोष्टीत त्याची राजधानी कॅमेलॉट, सरदारांचं गोलमेज, मर्लिन जादूगार, शंभर घोडेस्वार, सगळा डामडौल, आणि निर्मात्याच्या खिशात चहाचे पैसे. अशा वेळी काय जमतं आणि काय फसतं, हे बघायचं आहे.

अटी आधीच सांगतो, म्हणजे वाद नको. चित्रपट १० लाख डॉलरच्या आत झालेला हवा, किंवा निदान तसा दिसणारा. लांबी दोन तासांच्या आत, कारण नऊला हॉलमालकाच्या आई झोपतात आणि हॉल त्यांच्या खोलीला लागून आहे. प्रोजेक्टर जुना आहे, रात्रीची दृश्यं काळीठिक्कर दिसतात. आणि माझी आई (वय ७४) येणार आहे. बाकी काही नाही. सुचवा.

पिक्चरवेडा_९१
गाय रिची या दिग्दर्शकाचा २०१७ चा 'किंग आर्थर' डोळे झाकून लावा. काय ते हत्ती, काय ती तलवार!

बाकावरचा
अहो, तो साडेसतरा कोटी डॉलरचा आहे. मी १० लाख म्हणालो.

पिक्चरवेडा_९१
पण पडला ना. म्हणजे शेवटी निर्मात्याकडे पैसे उरले नाहीतच. विषयात बसतो.

खवचट काकू
याच चित्रपटावरून माझी फसगत सांगते. त्याच वर्षी सुट्टीत नातवंडं आली होती. 'आर्थर लाव, आर्थर लाव'. मी ऑनलाइन पैसे भरून आर्थर लावला. पोस्टरवर तलवार, ज्वाळा, सगळं जागच्या जागी. पाच-दहा मिनिटांत बघते तर आजकालचं बँकॉक! म्हटलं, वाट चुकले की काय. नंतर सुनेने सांगितलं की मोठा चित्रपट यायच्या वेळेस तशाच नावाचा, तशाच पोस्टरचा नकली चित्रपट काढून आमच्यासारख्यांना गाठायचं, हाच काही कंपन्यांचा धंदा. आर्थरवर कुणाचा मालकी हक्क नाही ना, त्यामुळे हे आणखी सोपं. नातवंडांनी शेवटपर्यंत बघितला आणि 'आजी, परत' म्हणाली, ते वेगळं.

तेव्हा धागाकर्ते, नाव आणि साल दोन्ही तपासून घ्या. २०१५ चा एक 'आर्थर अँड मर्लिन' आहे आणि २०२० चा एक 'आर्थर अँड मर्लिन: नाइट्स ऑफ कॅमेलॉट' आहे. दुसरा पहिल्याचा पुढचा भाग असेल असं वाटतं. नाही. एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

निवांत
ऐश्वर्या रायचा आहे ना आर्थरवर? 'द लास्ट लिजन', २००७. ती केरळची योद्धा दाखवली आहे, कलरीपयट्टूवाली. तो लावा, गर्दी होईल.

बाकावरचा
निवांतभाऊ, त्यात आर्थर अगदी शेवटी, तोही नावापुरता येतो. शिवाय तो कोट्यवधींचाच आहे.

स्टर्लिंगची सून
याचं एकच उत्तर आहे, 'माँटी पायथन अँड द होली ग्रेल', १९७५. बजेट ४ लाख डॉलरच्या आसपास. त्यातले पैसेही पिंक फ्लॉइड आणि लेड झेपेलिनसारख्या बँडवाल्यांनी घातलेले. घोडे परवडेनात, म्हणून आर्थर पायी चालतो आणि मागून त्याचा नोकर नारळाच्या दोन करवंट्या आपटत टापांचा आवाज काढतो. किल्ल्यांचं म्हणाल तर ठरवलेल्या किल्ल्यांना सरकारी खात्याने आयत्या वेळी नकार दिला. मग स्कॉटलंडमधला डून नावाचा एकच किल्ला कोन बदलून बदलून तीन-चार किल्ले म्हणून वापरला. शेवटची मोठी लढाई परवडणार नव्हती, तर ती होतच नाही. का होत नाही ते सांगत नाही, बघा.

मी डूनपासून अर्ध्या तासावर राहते (म्हणजे हे मला सगळ्यांना सांगायचंच होतं). किल्ल्यात जाताना तिकीट खिडकीवर करवंट्या मागून घेता येतात. ऑडिओ गाइडमध्ये आवाजही चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एकाचा, टेरी जोन्सचा. सासऱ्यांना घेऊन गेले होते. वय ७१, सातारचे, आयुष्यभर पाटबंधारे खात्यात. आधी म्हणाले, 'ह्यॅ, कसला पोरखेळ.' मग अंगणात कुणी नाही बघून करवंट्या घेऊन दोन फेऱ्या मारल्या. व्हिडिओ आहे, पण टाकायला परवानगी नाही.

तळकोकण
करवंट्यांवरून आठवलं. चित्रपटात वापरल्यात त्या सुक्या नारळाच्या असाव्यात. ओल्या करवंटीचा आवाज बसका येतो, 'टपटप' न येता 'थपथप' येतो. आमच्याकडे शाळेच्या नाटकात हा प्रयोग करून झालाय. आतून घासून, दोन दिवस उन्हात वाळवून मग वापराव्यात.

स्टर्लिंगची सून
तळकोकण, इथे सुपरमार्केटात मिळतो तो नारळ ओला की सुका हेच कळत नाही हो.

तळकोकण
हलवून बघायचा. पाणी वाजलं तर

बाकावरचा
धागा नारळावर गेला.

गुपचूप वाचक
+१ होली ग्रेल.

खवचट काकू
होली ग्रेलला अनुमोदन. पण ७४ वर्षांच्या बाईंना सबटायटल वाचत वाचत इंग्रजी विनोद कळेल का? माझ्या बहिणीला दाखवला. सशाने माणसांचे गळे फोडायला सुरुवात केली तशी ती उठून स्वयंपाकघरात गेली.

स्टर्लिंगची सून
काकू, त्या सशाला लाल रंग लावला तर तो निघेचना, आणि सशाची मालकीण चिडू नये म्हणून सगळे धुत बसले होते, असा किस्सा आहे. गरिबांचा ससासुद्धा उधारीचा.

लोखंडे भोसरीकर
माझा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे, त्यामुळे मी चित्रपट बघत नाही, चिलखत बघतो. माझे दोन आणे.

स्वस्तातला आर्थर पकडायचा तर कान उघडे ठेवा. पूर्ण पोलादी चिलखत २० ते २५ किलोचं असतं. त्यात माणूस उठला-बसला की आवाज होतोच. प्लास्टिकचं किंवा रबराचं असेल तर नट तुरुतुरु चालतो आणि नंतर वरून भांड्यांचा आवाज चिकटवतात. पाय पडतो एकीकडे, खळखळाट दुसरीकडे. दुसरी खूण खांद्याची. कड्यांचं खरं चिलखत अंगावर ओघळतं, पट्ट्याच्या वर पिशवीसारखं फुगतं. खोटं असेल तर स्वेटरसारखं बसतं. होली ग्रेलमध्ये ते खरोखर स्वेटरच आहे, लोकर विणून चंदेरी रंग मारलेली. आणि ती स्कॉटलंडच्या पावसात भिजली. ओली लोकर अंगावर घेऊन डोंगर चढणारे नट! त्यांच्या चेहऱ्यावरचे हाल अभिनय नाहीत.

रच्याकने, मी पुतण्याच्या एकांकिकेसाठी १६ गेजच्या जीआय तारेचं कड्यांचं चिलखत केलं होतं. साडेतीन महिने लागले. वजन ११ किलो ४०० ग्रॅम. नेपथ्याला बक्षीस मिळालं, त्यात माझं नाव नाही. असो.

मायाजाल
लोखंडेदादा, आर्थर झालाच असेल तर पाचव्या-सहाव्या शतकातला. रोमन निघून गेले, सॅक्सन चालून आले, तो काळ. पायापासून डोक्यापर्यंतचं पोलादी चिलखत त्याच्या हजारएक वर्षांनंतरचं. म्हणजे महागातला चित्रपटही खोटाच.

लोखंडे भोसरीकर
ते मान्य. पण मॅलरीने जी गोष्ट लिहिली, जी कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापली, ती वाचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्याच काळातले सरदार होते. आपल्या कॅलेंडरवरचा राम कुठे त्रेतायुगातले कपडे घालतो?

मायाजाल
हे पटलं. माझी शिफारस बीबीसीची 'मर्लिन'. २००८ ते २०१२. ड्रॅगनला जॉन हर्टचा आवाज आहे. जंगल तेच तेच येतं, पण कॅमेलॉट म्हणून फ्रान्समधला पिएरफाँचा खरा किल्ला आहे. मी तीनदा बघितली.

बाकावरचा
भाग किती?

मायाजाल
६५ फक्त.

बाकावरचा
_/\_

अनुप
खरा स्वस्तातला आर्थर ब्रिटिश टीव्हीवर आहे. 'आर्थर ऑफ द ब्रिटन्स', १९७२-७३, २४ भाग, प्रत्येक अर्ध्या तासाच्या वेळेत बसणारा. मर्लिन नाही, जादू नाही, कॅमेलॉट नाही. एक लाकडी लांबोडकं घर, खाली चिखल, वर धूर, आणि केस वाढवलेला ऑलिव्हर टोबायस. पैसे नव्हते म्हणून किल्ला बांधला नाही, आणि मायाजाल म्हणतात तो सहाव्या शतकाचा काळ त्यामुळेच बरोबर उतरला. तंगीने इतिहास सुधारल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

पहिल्याच भागात तलवारीचा प्रसंग त्यांनी कसा केलाय बघा. दगडातून तलवार ओढायची जादू नाही. तलवार भल्यामोठ्या दगडाखाली आहे, एकट्यादुकट्याला हलत नाही. भांडकुदळ टोळीप्रमुखांनी मिळून जोर लावला तरच निघते. खर्च: एक दगड.

फसतं कुठे, तर लढाईत. प्रत्येक भागात तेच वीस-बावीस लोक पडतात आणि पुढच्या भागात उठून येतात.

निवांत
ऐश्वर्यावर विचार झाला का?

पिक्चरवेडा_९१
'एक्सकॅलिबर' १९८१! अजून कुणी नाव कसं घेतलं नाही? लियम नीसन, पॅट्रिक स्टुअर्ट, गॅब्रिएल बर्न, सगळे उमेदवारीच्या काळातले. हेलन मिरन! आणि ते 'ओ फोर्तुना' वाजतं तेव्हा अंगावर काटा.

खवचट काकू
बाबा रे, आईंसमोर? सुरुवातीलाच चिलखत न काढता जो प्रसंग आहे तो? आमच्याकडे टीव्हीवर लागला होता तेव्हा मामेसासरे बसले होते. रिमोट सोफ्याच्या फटीत गेलेला. तेवढे क्षण मी पंख्याकडे बघत होते, मामेसासरे कॅलेंडरकडे.

लोखंडे भोसरीकर
त्या प्रसंगात चिलखत मात्र उत्तम आहे.

बाकावरचा
तोही १ कोटी डॉलरच्या वर आहे. मंडळी, मी अट पुन्हा मोठ्या अक्षरात लिहू का?

मायाजाल
मग 'द ग्रीन नाइट', २०२१. देव पटेल आणि सरिता चौधरी. दीड कोटी. आजच्या हिशेबात स्वस्तच म्हणायचा. दिसतो मात्र दहापट.

अनुप
दिसतो? त्यांच्या प्रोजेक्टरवर? अर्धा चित्रपट मेणबत्तीच्या उजेडात आहे. चौदा माणसं दोन तास काळा पडदा बघतील. बाकावरचा, तुमच्यासाठी बजेटपेक्षा ही अट महत्त्वाची आहे. दिवसाउजेडी घडणारा चित्रपट घ्या.

त्या दृष्टीने फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँचा 'लान्सलो द्यु लाक' (१९७४) बघा. सगळे नवखे, लान्सलो झालेला माणूस पेशाने चित्रकार. दीड तासाच्या आत संपतो. त्यात भालाझुंजीची स्पर्धा अशी दाखवली आहे: घोड्यांचे पाय, भाल्याचं टोक, वर चढणारा झेंडा, पुन्हा घोड्यांचे पाय. धडक जवळजवळ दाखवतच नाही, ऐकवतो. हजार माणसांची जत्रा डोक्यात उभी राहते. आणि लोखंडेदादा, तुमच्यासाठी खास: सरदार पूर्ण वेळ चिलखतात. प्रेमाचं बोलतानाही खळ्ळ खळ्ळ.

लोखंडे भोसरीकर
रात्री बघितला. आवाज खरा आहे. शेवटी चिलखतांचा ढीग पडतो, तो बघून भंगारवाल्याची आठवण झाली आणि का कोण जाणे वाईट वाटलं. बाकी नट बोलतात ते रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे.

अनुप
ते मुद्दाम आहे.

लोखंडे भोसरीकर
मुद्दाम असलं तरी आहेच ना.

गुपचूप वाचक
रोमेरचा पण एक आहे ना? 'पर्सव्हाल'?

पिक्चरवेडा_९१
हो हो! मोटरसायकलवाला. एड हॅरिस राजा, घोड्यांऐवजी मोटरसायकली, जत्रेत खेळ करत फिरतात. १९८१. झॉम्बीवाल्या दिग्दर्शकाचा. कडक आहे.

अनुप
तो जॉर्ज रोमेरो, चित्रपट 'नाइटरायडर्स'. गुपचूप वाचक म्हणतायत तो एरिक रोमेर, फ्रेंच, चित्रपट १९७८ चा. एका काना-मात्र्याचा फरक आहे, बाकी दोघांनी एकमेकांच्या वाटेला जाऊ नये. बाकावरचा, हा मात्र लावू नका. दोन तास वीस मिनिटं, सगळा स्टुडिओत, पत्र्याची झाडं, आणि गायक मंडळी मध्येमध्ये गातात. लोक झोपतील. मी स्वतः झोपलोय, दोनदा.

खवचट काकू
अनुपशी सहमत. आमच्या फिल्म सोसायटीत लावला होता तेव्हा मध्यंतरानंतर मी, पंखा आणि ऑपरेटर.

मायाजाल
+१. नका लावू.

तळकोकण
मी बघितलेला नाही, पण पत्र्याच्या झाडाने काय बिघडतं? आमच्या दशावतारात देवळासमोर एक बाकडं असतं. त्यावर चादर टाकली की सिंहासन. राजा त्यावर चढला की डोंगर. राक्षस आला की बाकड्याभोवती एक फेरी मारली, अरण्य पार झालं. पेटी आणि मृदंग बाजूलाच. रात्रभर चालतं आणि पोरंसोरं जागी असतात. बाकड्याला बाकडं म्हणून हसणारा माणूस मी अजून बघितला नाही. कॉम्प्युटरवर काढलेल्या ड्रॅगनला मात्र माझी सहा वर्षांची मुलगी हसली.

अनुप
दशावतारातला राजा तोंडाला येईल ते दणकून बोलतो हो. इथे पाठ केलेलं पद्य आहे.

बाकावरचा
मंडळी, सगळ्यांचे आभार. निर्णय झालाय आणि तो तुम्हाला आवडणार नाही.

शुक्रवारी रात्री चार चित्रपटांची पहिली पंधरा-पंधरा मिनिटं घरी लावून बघितली. आई शेजारी लसूण सोलत होती. होली ग्रेलच्या करवंट्यांना हसली, मग माणसं फार आरडाओरडा करतात म्हणाली. ब्रेसाँच्या पहिल्याच मिनिटात मुंडकं उडून नळासारखं रक्त आलं, तो तिने बंद करायला लावला. चिखलवाल्या आर्थरबद्दल म्हणाली, 'हे सगळे आंघोळ कधी करतात?'

मग 'पर्सव्हाल' लावला. सोनेरी रंगाचा किल्ला, दाराएवढाच उंच. गोळे लावल्यासारखी झाडं. मात्र घोडे खरे, त्याच स्टुडिओच्या फरशीवर गोल गोल फिरणारे. (होली ग्रेलमध्ये रान खरं आणि घोडे खोटे, इथे घोडे खरे आणि रान खोटं. पैसे कुठे घालायचे हे ज्याचं त्याने ठरवावं.) बाजूला चार-पाच जण वाद्यं घेऊन गातायत. नट स्वतःचं वाक्य बोलतो आणि लगेच स्वतःबद्दलच सांगतो, की तो असं म्हणाला आणि निघाला. मी आईला समजवायला लागलो की ही बाराव्या शतकातल्या क्रेतियँ द त्र्वाच्या काव्यावरची शैली आहे वगैरे. ती म्हणाली, 'कळतंय मला. कीर्तन आहे. बुवा पण रामाचं बोलतात आणि मग सांगतात, राम म्हणाले.'

लसूण तसाच राहिला. दीड तास बघितला तिने.

तेव्हा 'पर्सव्हाल'. वेळेची अट मीच मोडतोय, अर्धाच दाखवणार. गोष्ट पुढे गोव्हँ या दुसऱ्या सरदाराच्या मागे वळते, त्या जागी थांबायचं.

अनुप
मग विचारलं कशाला?

स्टर्लिंगची सून
अनुप, चित्रपट बघितलाय ना तुम्ही? त्याचं सगळं रामायण पोराने वेळेवर विचारलं नाही म्हणूनच होतं.

अनुप
त्या भागात मी झोपलो होतो.

बाकावरचा
(सोमवार) कालचा वृत्तांत. १३ जण आले. तिघे झोपले, त्यातला एक घोरला. सबटायटल चार सेकंद मागे होती, त्यामुळे पहिली वीस मिनिटं राणीची वाक्यं सरदारांच्या तोंडी गेली. नंतर दुरुस्त केली. झाडांना सुरुवातीला सगळे हसले, नंतर कुणी हसलं नाही.

पर्सव्हाल घर सोडून निघतो तिथे हॉल एकदम शांत झाला. मागे पुलापाशी आई कोसळलेली आहे, तो वळून बघतो आणि तरी घोड्याला टाच मारतो. संगीत वाढवलेलं नाही, कॅमेरा चेहऱ्याजवळ गेलेला नाही. माझ्या आईने शेजारच्या बाईंना ऐकू जाईल एवढ्याने म्हटलं, 'बघून गेला मेला.' आणि मागच्या दारातून दुसरा आवाज आला, 'माझाही पुण्याला असाच गेला.' हॉलमालकाच्या आई. झोपल्या नव्हत्या, खुर्ची ओढून दारात बसल्या होत्या.

आता त्यांनी उरलेला अर्धा कधी दाखवणार म्हणून विचारलंय. पुढच्या रविवारी ठेवलाय. एकच अडचण: शेवटी शेवटी प्रोजेक्टरचा दिवा पिवळा पडायला लागला. जुन्या मॉडेलचा दिवा सांगली-कोल्हापुरात कुठे मिळेल का? ३,००० पर्यंत.

पिक्चरवेडा_९१
दिवा नका घेऊ. लेझर प्रोजेक्टर घ्या. मी दिवाळीत घेतला, सव्वा लाख. डोळे झाकून घ्या.

निवांत
नवीन घेतलात तर पहिला ऐश्वर्याचा लावा.